एक सर्व्हर, अनेक संकेतस्थळे

औरंगाबाद शहराच्या 'छत्रपती संभाजीनगर' या नामांतरास केंद्र सरकारने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मान्यता दिली. फलक रंगवून बदलता येतात. पण संकेतस्थळाच्या पत्त्यातच जुने नाव असलेल्या संस्थांपुढील प्रश्न निराळा असतो. नवे डोमेन घेतले, तर सर्व्हरही नवा घ्यावा लागतो काय? तशी गरज नाही.

जुन्या वाड्यांत अनेक बिऱ्हाडे असत. पत्ता एकच, परंतु पाकिटावरील नाव पाहून पोस्टमन नेमक्या दारी पत्र टाकी. सर्व्हरचेही तसेच आहे. त्याला आयपी हा आकडी पत्ता असतो आणि डीएनएस ही महाजालाची नामसूची कितीही डोमेन त्या एकाच पत्त्याकडे वळवू शकते. ब्राउझर पान मागताना 'होस्ट' या ओळीत हवे असलेले नाव कळवतो. अपाचे किंवा एनजिनएक्स ही सर्व्हर-प्रणाली ते वाचून मागणी त्या त्या ॲप्लिकेशनकडे सोपवते. ही ओळ १९९७ च्या एचटीटीपी १.१ मानकाने सक्तीची केली. त्यापूर्वी प्रत्येक संकेतस्थळास बहुधा स्वतंत्र आकडी पत्ता लागे. आणि आयपी-४ पद्धतीचे पत्ते जगात जेमतेम ४३० कोटी!

सुरक्षित एचटीटीपीएस जोडणीत मात्र पाकीटच मोहोरबंद. नाव आत दडल्याने कोणाचे प्रमाणपत्र दाखवावे, हे सर्व्हरला कळेना. २००३ मध्ये मांडलेल्या 'एसएनआय' या विस्ताराने नाव मोहोरेबाहेर आणले. विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला ते अखेरपर्यंत उमगले नाही, त्यामुळे त्याचा वापर रुळण्यास बरीच वर्षे लागली.

एका छताखाली राहण्यात धोकाही आहे. एका ॲप्लिकेशनमध्ये शिरलेला चोर शेजाऱ्याकडेही जाऊ शकतो. म्हणून प्रत्येकाचे वापरकर्ता-खाते, डेटाबेस आणि परवानग्या वेगळ्या ठेवाव्यात.

नाव बदलताना जुने डोमेन त्याच सर्व्हरवर ठेवून '३०१' या कायमस्वरूपी सूचनेने वाचकास नव्या पत्त्यावर धाडावे. येथे हमखास चूक होते ती प्रमाणपत्राची. जुन्या नावाचे प्रमाणपत्र संपले, तर ब्राउझर वाचकास धोक्याचा इशारा दाखवतो आणि तो पुढे पोहोचतच नाही. ई-मेलची नोंद डीएनएसमध्ये स्वतंत्र असते, तीही जपावी लागते. आणि वार्षिक शुल्क वाचवण्यासाठी जुने डॉट कॉम वा डॉट ऑर्ग नाव सोडून दिले, तर सवलतीचा काळ उलटल्यावर ते कोणीही विकत घेऊ शकतो. मग जुन्या पत्त्यावर पाठवलेले अर्ज आणि पत्रे त्याच्या हाती पडतात.