रिकाम्या इंजिनाचा इतिहास

वर्धा जिल्ह्यात बसून बोटीच्या मोटारीवर लिहायचं म्हणजे उपवासाच्या दिवशी जेवणावळीचं वर्णन करण्यासारखं आहे. वैशाखात आमच्या नद्यांच्या पात्रातून होडीपेक्षा सायकल बरी चालते. पण आषाढ लागला की वर्धा, वणा, धाम, यशोदा या सगळ्या बायांच्या अंगात येतं, आणि मग कुठल्यातरी शेडमध्ये अकरा महिने झोपलेल्या होडीची आणि तिच्या शेपटाला टांगलेल्या मोटारीची आठवण होते. दोरी ओढली की ती मोटार चालू होते. नाही असं नाही. पण वेग कमी केला की डुगडुग, फट्, डुगडुग करते आणि दोन उचक्या देऊन गप्प होते.

आता ही मोटार आली कुठून? नॉर्वेत 1877 साली जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला ओले एव्हिनरूड नावाचा एक यंत्रवेडा गृहस्थ होता. उन्हाळ्यात बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम हवं झालं, हा बहाद्दर तळं वल्हवत पलीकडे गेला, आणि परत येईतो आइस्क्रीमचं पाणी झालं, अशी कथा सांगतात. वल्ह्यांऐवजी इंजिन हवं, हे त्याला तिथे सुचलं म्हणे. त्याआधीही काहींनी असले प्रयोग केले होते, पण त्यांच्या वाट्याला आइस्क्रीम आलं नसावं. 1909 साली मिलवॉकीला ओलेची मोटार विक्रीला आली : दीड अश्वशक्ती, वजन 62 पौंड. बेस तोवर बायको झाली होती. वल्ही फेकून द्या, ही जाहिरात तिनेच लिहिली. नवऱ्याने यंत्र करावं आणि बायकोने ते खपवावं, यापरता सुखाचा संसार नाही.

त्या मोटारीच्या पोटातलं टू-स्ट्रोक इंजिन मात्र इंग्लंडातल्या बाथ गावच्या जोसेफ डे याच्या डोक्यातून 1891च्या सुमारास निघालेलं. व्हॉल्व्हची भानगड नाही; मुख्य हलणारे भाग तीनच. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली क्रँककेसमध्ये यायचं, तिथून वर चढायचं आणि जळका धूर ढकलून बाहेर काढायचा. नवा भाडेकरू जुन्याला सामानासकट घालवतो तसंच. वेगात हे झकास जमतं. हळू चालताना मात्र हवेचं दार जवळजवळ बंद, नवा भाडेकरू किरकोळ, जुना हलायलाच तयार नाही. मग एखादा फेरा ठिणगी पडूनही फुकट जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला पेट घेतो. ती आपली डुगडुग. म्हणजे या इंजिनाला रिकामं बसणं जन्मतःच जड जातं. त्यात अकरा महिने टाकीत शिळं पेट्रोल ठेवलं, की त्याचा चिकटा कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकात बसतो.

आमच्याकडच्या मिस्त्रीने निदान एका वाक्यात केलं : "साहेब, इंजिनले काम पायजे जी. रिकामं बसलं का बिमार पडते." नाडीपरीक्षा मात्र त्याने शास्त्रशुद्ध केली. ताजं पेट्रोल, मापून ऑइल. दोन्ही प्लग काढून पाहिले. एक कोरडा तांबूस, दुसरा काळा ओला. म्हणजे दोन सिलिंडरांपैकी एक नुसताच हजेरीपटावर होता. कॉइलचे पॉइंट घासले, गॅप लावला. कार्बोरेटर उघडून भोकांतून हवा मारली. मग हळू वेगाची सुई अलगद पूर्ण बंद करून सव्वा फेरा उघडली. सुई फार बंद असली की मोटार शिंकते, फार उघडी असली की गुळण्या करते. या दोहोंमध्ये ती गुणगुणते ती जागा. ही जागा मोटार पाण्यात, गरम झाल्यावर, गिअर टाकून शोधायची. पाण्याबाहेर चालवली तर पंपाचं रबर काही क्षणांत जळतं. आणि एवढं करूनही गुणगुण आली नाही, तर क्रँककेसच्या सीलमधून हवा शिरते, असं समजायचं.

एवढा खटाटोप कशाला? पुरात माणूस होडीत ओढून घेताना मोटार न्यूट्रलमध्ये हळू चालती राहावी लागते. नेमकी तेव्हा ती मेली, तर होडी, होडीतले आणि ओढून घेतलेला, सगळेच प्रवाहाचे.

म्हणून मला गांधीजींची एक अट फार शहाणी वाटते. 1929 साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं. अटी काय? किंमत दीडशे रुपयांच्या आत, यंत्र वीस वर्षं टिकावं, आणि सुट्या भागांचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये! बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण यंत्र विकत घेतानाच त्याच्या दुखण्याचा विचार करणारा दुसरा ग्राहक मला ठाऊक नाही. पुढे ते वर्ध्याला आले. इथे जमनालालजी बजाजांच्या जुन्या फोर्डला बैल जुंपत आणि तिला 'ऑक्सफर्ड' म्हणत, अशी आठवण सांगतात. बैलाचं एक बरं असतं. तो रिकामा उभा राहिला तरी बंद पडत नाही, रवंथ करतो.

त्याच बजाज घराण्याने 1972 साली 'चेतक' आणली : तेच टू-स्ट्रोक, तीच डुगडुग. किक मारण्याआधी ती डावीकडे कलंडवण्याचा विधी मध्यमवर्गाने संध्येसारखा पाळला. बोटीची मोटार न पाहिलेला वर्धेकरही या खानदानी आजाराशी चांगलाच परिचित आहे.

2020 साली विजेवरची चेतक बाजारात आली, आणि त्याच वर्षी एव्हिनरूड मोटारींचं उत्पादन बंद झालं. विजेची गाडी उभी राहिली की साफ गप्प होते. तिला गुणगुणायला शिकवावं लागत नाही. पण शेडमधल्या जुन्या मोटारीवर अजून पूर येतोच आहे. तेव्हा सरकारी असो की पंचायतीची, महिन्यातून एकदा तिला पिंपातल्या पाण्यात दहा मिनिटं चालवावी. तेवढंही होत नसेल, तर वल्ही मात्र फेकू नयेत.