लायजिनॉप्टेरिसचे खोड आणि बीजी नेच्यांचा शोध

इंग्लंडमधील लँकाशायरच्या दगडी कोळशाच्या थरांत चुनखडीचे गोळे आढळतात. त्यांतील वनस्पतींच्या पेशीभित्ती इतक्या शाबूत आहेत की, पातळ छेद पारदर्शक होईपर्यंत घासला असता सूक्ष्मदर्शकाखाली तो जिवंत खोडाच्या छेदासारखाच वाचता येतो. अशा एका खोडाचे वर्णन बिनी यांनी इ. स. १८६६ मध्ये केले. आज ते लायजिनॉप्टेरिस ओल्डहॅमिया या नावाने ओळखले जाते.

मँचेस्टरचे विल्यम विल्यमसन यांनी १८७३ मध्ये या खोडाची सविस्तर चिकित्सा केली. मध्यभागी भेंड, त्याभोवती आद्य प्रकाष्ठाचे पाच ते नऊ पुंज, बाहेर ऊतककराने निर्माण केलेले द्वितीयक प्रकाष्ठ आणि मध्यत्वचेच्या बाह्य भागात दृढ तंतूंचे जाळे, अशी त्याची रचना आहे. काष्ठ सायकससारखे सैल व रुंद किरणांचे. पाने मात्र सर्वस्वी नेच्यांची! देठ आणि मूळ यांना तोवर निरनिराळी नावे होती. ते अवयव याच वनस्पतीचे, हेही विल्यमसन यांनीच दाखविले.

द्वितीयक काष्ठ दिसले की वनस्पती सबीज, असा ब्राँन्यार व त्यांच्या फ्रेंच अनुयायांचा दंडक होता. विल्यमसन यांनी तो अमान्य केला. सिजिलॅरियाबाबत त्यांचेच म्हणणे खरे ठरले, कारण तो वृक्ष बीजुकधारी होता. प्रस्तुत खोडाविषयी मात्र काष्ठाच्या साक्षीने निर्णय होईना. पोटोनिए यांनी १८९९ मध्ये अशा वनस्पतींना 'सायकॅडोफिलिसीज' म्हटले. नाव सोयीचे खरे, पण ते प्रश्नालाच दिलेले नाव होते.

उत्तर मिळाले ते काष्ठात नव्हे, पृष्ठभागावर. या वनस्पतीच्या खोडावर, देठांवर व पानांवर गोल माथ्याचे सवृंत प्रपिंड असतात. लॅजिनोस्टोमा लोमॅक्साय या सुट्या सापडणाऱ्या बीजाच्या पेल्यावर हुबेहूब तसेच प्रपिंड ऑलिव्हर यांना आढळले. याच आधारावर १९०३ मध्ये ऑलिव्हर व स्कॉट यांनी ते बीज याच वनस्पतीचे ठरविले. दुसऱ्या कोणत्याही ज्ञात वनस्पतीवर असे प्रपिंड नव्हते, हे त्यांच्या युक्तिवादाचे बळ; बीज पानाला जोडलेले कोणी पाहिले नव्हते, ही त्यातील उणीव. पुढच्याच वर्षी त्यांनी या गटास 'टेरिडोस्पर्मी' म्हणजे बीजी नेचे हे नाव दिले. त्याच १९०४ मध्ये किडस्टन यांना न्यूरोप्टेरिस हेटेरोफिला या दुसऱ्या जातीच्या पर्णाला जोडलेलेच बीज मिळाले.