पावणेसतरा सेंटिमीटरचं सी हॉक आणि विक्रांतची वाफ

तुमच्यापैकी कोणाच्या घरी बजाज व्ही बाईक असेल, तर आज तिच्याकडे जरा नीट बघा. आयएनएस विक्रांत भंगारात निघाली, तेव्हा तिचं थोडं पोलाद वितळवून त्या गाड्यांसाठी वापरलं होतं. १९९७ ला जहाज निवृत्त झालं, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभं राहिलं आणि २०१४-१५ मध्ये तोडलं गेलं. म्हणजे आता बघायला जायचं म्हटलं तरी जहाज नाही.

म्हणून मी त्याचा एक तुकडा घरीच बनवायला घेतला. दिवसभर कोड लिहितो, रात्री प्लॅस्टिक घासतो. माझं स्केल १/७२, म्हणजे खऱ्यातले सहा फूट मॉडेलमध्ये एक इंच. या मापात अख्खी विक्रांत केली तर जवळजवळ तीन मीटर लांब होईल. माझ्या हॉलमध्ये मग एकतर सोफा राहील किंवा विक्रांत! त्यामुळे डेकचा फक्त ए-फोर कागदाएवढा भाग घेतला. त्यावर पावणेसतरा सेंटिमीटरचं एक सी हॉक विमान आणि जेमतेम अडीच सेंटिमीटर उंचीची सात माणसं.

प्रसंग ठरलेला होता. ४ डिसेंबर १९७१. विक्रांतवरून सी हॉक विमानं उडाली आणि त्यांनी कॉक्स बझारच्या धावपट्टीवर हल्ला केला. नौदलाची ३०० नंबरची स्क्वॉड्रन, व्हाइट टायगर्स. गाझी पाणबुडीची गोष्ट तुम्हाला सिनेमामुळे माहीत आहे, ती आज सोडून देऊ. आज बोलायचंय ते विमान डेकवरून उडतं कसं, यावर.

डेकवर जागा कमी असते. म्हणून जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगात पळवतात. वाऱ्याचा वेग अधिक जहाजाचा वेग, एवढा वारा विमानाला उभ्या जागी फुकट मिळतो. उरलेला वेग कॅटॅपल्ट देतो, म्हणजे गलोलच समजा, पण वाफेवर चालणारी. विमानाच्या पोटाखाली तारेचा फास अडकवतात, वाफ सुटते, फास विमानाला पुढे खेचतो आणि विमान सुटलं की गळून पडतो. मी तो फास शिलाईच्या दोऱ्याचा केला. त्यात दोन रविवार गेले.

आता गंमत बघा. जहाज पळतं वाफेवर, कॅटॅपल्टही वाफेवर, आणि दोन्हीची वाफ त्याच बॉयलरमधून येते. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळं ॲप एकाच सर्व्हरवर. आणि जून १९७० मध्ये विक्रांतचा हा सर्व्हरच आजारी पडला. बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना तडे गेलेले सापडले. वेल्डिंग करून भागण्यासारखं नव्हतं. नवे ड्रम ब्रिटनहून यायचे होते. जहाज कित्येक महिने मुंबईत बसून. शेवटी १९७१ च्या मार्चमध्ये बॉयलर पुन्हा पेटवले आणि चाचण्यांनंतर ठरलं की दाब कमी ठेवायचा. जे जहाज २४-२५ नॉटने पळायला बांधलेलं, त्याच्यावर १४ नॉटची मर्यादा आली. त्याच वर्षाच्या शेवटी हे जहाज युद्धात उतरलं.

हे सगळं मी वाचलं खूप नंतर. तोपर्यंत माणसं रंगवत होतो. किटमधल्या पुतळ्यांसाठी जो 'स्किन' रंग मिळतो तो गुलाबी असतो. तो लावल्यावर माझ्या डेकवर सात इंग्रज उभे राहिले. सगळे पुसले. मग गडद तपकिरी रंगात थोडा पिवळसर मातकट मिसळून बेस दिला, नाकावर आणि गालांवर किंचित उजळ. टूथपिकवर चिकटवलेला माणूस, शून्य नंबरचा ब्रश आणि श्वास रोखून धरलेला मी. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन तिथल्या खऱ्या सी हॉकच्या चाकांचे फोटोही काढून आणले.

दिवाळीत ते मॉडेल घेऊन साताऱ्याला गेलो. आईचे मामा विक्रांतवर स्टोकर होते, बॉयलर रूममध्ये. मामाआजोबांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं,
"यात आम्ही कुठं आहे?"
मी म्हटलं, "मामाआजोबा, हा वरचा डेक आहे. तुम्ही खाली असाल ना."
"खालीच होतो. सगळ्या लढाईत एक विमान उडताना बघितलं नाही मी. वर कॅटॅपल्ट सुटला की धक्का बसायचा, तेवढंच. त्यावर आम्ही मोजायचो, किती गेली."

मी गप्प. वर्षभर मी वैमानिकाच्या हेल्मेटचा रंग शोधत होतो, आणि घरातल्या माणसाला 'तुम्ही तिथे काय करत होता' हे एकदाही विचारलं नव्हतं. मग त्या दुपारी विचारलं. तडा गेलेल्या बॉयलरशेजारी उभं राहायची भीती वाटायची का? ते म्हणाले, "पहिले चार दिवस. मग गरमीच एवढी, की भीतीला जागा नव्हती."

पुण्याला परत आल्यावर डेकमधली कॅटॅपल्टची फट पुन्हा कोरली आणि त्यातून निघणारी वाफ म्हणून कापूस लावला. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तर आलं: "वाफ फार झाली. एवढी गळाली असती तर चीफनं आम्हाला समुद्रात टाकलं असतं." मग चिमट्याने एकेक तंतू काढत बसलो. आता जेमतेम दिसेल एवढीच उरली आहे. ती त्यांना पसंत आहे.

विक्रांतच्या लोकांना १९७१ साठी दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं मिळाली. ती नावं वाचाच. पण तुमच्याही घरात कोणी जहाजावर, रेल्वेत, गिरणीत 'खाली' काम केलेलं असेल, तर या सुट्टीत फोन बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी बसा. मी उशीर केला होता, तरी वेळेत पोचलो.