कळसूत्री बाहुल्या



ज्याच्या हातीं कांहींच उरलें नाहीं अशा मनुष्यास आपण 'कळसूत्री बाहुली' म्हणतों. चाकुरास मराठी शिकवीत असतां या शब्दाचा अर्थ मुलें चटकन सांगत. परंतु तशी बाहुली पाहिली आहे काय, असें विचारतांच वर्ग स्तब्ध होई. शब्द उरला आणि वस्तु दृष्टीआड झाली. म्हणून आज त्या वस्तूचा थोडा इतिहास आपणांपुढें ठेवितों.

हा खेळ आपणांकडे पुरातन आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरींत साइखड्याचा, म्हणजे सूत्रानें हालणाऱ्या बाहुलीचा, दृष्टांत येतो. दृष्टांत द्यावयाचा तो श्रोत्यांच्या परिचयाच्या वस्तूचाच; तेव्हां तत्कालीन लोकांनीं हा खेळ पाहिलेला असला पाहिजे. संस्कृत नाटकांतील 'सूत्रधार' हा मूळचा बाहुल्यांचे दोरे धरणाराच होय, असें जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनीं १९०० सालीं प्रतिपादिलें. हें मत सर्वांस मान्य झालें नाहीं. परंतु त्यामुळें या खेळाकडे पंडितांचें लक्ष वेधलें, हें खरें.

मराठी रंगभूमीशींहि बाहुलीचें नातें आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें 'सीतास्वयंवर' हें नाटक केलें, हें सर्वश्रुत आहे. याच भाव्यांनीं लांकडी बाहुल्याहि घडविल्या होत्या, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. नाटकास नाटकगृहें मिळालीं, कंपन्या निघाल्या; बाहुल्या अडगळींत गेल्या. पुढें शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनीं त्या दुरुस्त करून पुन्हां रंगमंचावर आणिल्या, हें त्यांचे उपकारच होत.

जेथें हा खेळ पिढ्यान् पिढ्या चालत आला, तें गांव म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कुडाळनजीकचें पिंगुळी. तेथील ठाकर समाजानें चित्रकथी, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या या तिन्ही कला सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानचा आश्रय त्यांस लाभला होता. संस्थानें गेलीं, चित्रपट आले, मग घरोघरीं दूरदर्शन आलें. आश्रय आणि प्रेक्षक दोन्ही ओसरले. अशा काळांत परशुराम गंगावणे यांनीं कला सोडिली नाहीं. २००६ सालीं त्यांनीं आपल्या गोठ्याच्या जागेंत 'ठाकर आदिवासी कला आंगण' हें संग्रहालय उघडलें. २०२१ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

प्रत्यक्ष खेळ पाहतांना आपण काय पाहतों? लांकडाची रंगविलेली बाहुली, तिच्या डोक्यास व हातांस बांधलेले दोरे, आणि पडद्याआड उभा राहून रामायणांतील कथा सांगणारा खेळिया. बाहुलीचा चेहरा बदलत नाहीं. हर्ष वा शोक दाखवावयाचा तो केवळ मान किंचित् लवून वा हात उचलून. उरलेला भाव प्रेक्षक स्वतः भरतो. म्हणूनच चित्रपटाप्रमाणें हा खेळ आयता मिळत नाहीं. पाहणाऱ्यासहि त्यांत श्रम करावे लागतात, आणि त्या श्रमांतच त्याची गोडी आहे.

बाहुली पराधीन, हें आपण मानीत आलों. परंतु या इतिहासाकडे पाहतां दोरा एकच नाहीं, दोन आहेत, असें दिसतें. एक बाहुलीपासून खेळियाच्या बोटांपर्यंत जातो, आणि दुसरा खेळियापासून प्रेक्षकांपर्यंत. पहिला तुटला तर गांठ मारतां येते. दुसरा तुटला म्हणजे बाहुली कांचेच्या कपाटांत जाते. तेथें तिचा रंग टिकेल, चाल टिकणार नाहीं, कारण चाल लांकडांत नसून बोटांत असते, आणि ती बापाकडून मुलाकडे खेळ होत असतांनाच जाते. पदव्या व पारितोषिकें योग्यच आहेत. तथापि कलावंतास खरा आधार बोलावण्याचा. शाळेचें संमेलन असो वा गणेशोत्सव, एखादी संध्याकाळ या खेळास द्यावी आणि योग्य बिदागी देऊन मुलांसह तो पाहावा, एवढीच विनंति.