आघातानंतरचा मानसिक त्रास आणि गांजा

दंगल, अपघात किंवा युद्धानंतर महिनोन्‌महिने भीतीदायक स्वप्नं पडणं, दचकणं, झोप उडणं याला डॉक्टर ‘पीटीएसडी’ म्हणतात. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००९ मध्ये यासाठी वैद्यकीय गांजाला परवानगी दिली. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खरा गांजा ओढणाऱ्या आणि नशा नसलेला गांजा ओढणाऱ्या माजी सैनिकांमध्ये ठळक फरक दिसला नाही. सवय लागण्याचा धोका आहेच. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा बाळगणं गुन्हा आहे.

म्हणून आम्ही सांगतो, कुणाच्या ऐकण्यावरून गांजा घेऊ नका. समुपदेशन आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं यांनी आराम पडतो. टेली-मानसच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं. दुआ करा, सोबत दवाही घ्या.