भरती, ऊन आणि पहिले रेणू

ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीकाठी दिवसातून दोनदा भरती येते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, उंचावरचा भाग उन्हात सुकतो, पुढच्या मोठ्या उधाणाला पुन्हा भिजतो. सजीवांच्या घटकद्रव्यांची कुळकथा या भिजण्या-सुकण्यापाशी येऊन थांबते, पण सुरू होते ती काचेच्या भांड्यात.

१८५० साली आडोल्फ श्ट्रेकर या जर्मन रसायनतज्ज्ञानं ॲसिटाल्डिहाइड, अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड यांपासून ॲलनिन हे अमिनो आम्ल बनवलं. पृथ्वीच्या बालपणाचा विचार तेव्हा त्याच्या मनात नव्हता. असेच रेणू तेव्हा आपोआप घडून त्यांतून सजीव उपजले असतील, हा विचार १९२४ मध्ये रशियन शास्त्रज्ञ ओपारिन यांनी आणि १९२९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी मांडला.

१९५२ मध्ये शिकागोला स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्यानं मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ एका बंद उपकरणात भरून त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या. आठवडाभरात पाण्यात ग्लायसिन आणि ॲलनिन तयार झाले होते, आणि ते बऱ्याच अंशी श्ट्रेकरच्याच वाटेनं! १९६० मध्ये हुआन ओरो या रसायनतज्ज्ञांनी हायड्रोजन सायनाइडपासून ॲडेनिन मिळवलं; सायनाइडचे पाच रेणू जोडले की आपल्या डीएनएतलं हे अक्षर तयार होतं.

आदिम हवेत मिथेन-अमोनिया इतके मुबलक नसावेत, ही शंका नंतर बळावली. पण १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत अमिनो आम्लं सापडली. म्हणजे विटा घडणं अवघड नव्हतंच. खरी अडचण पुढची: समुद्रभर विखुरलेले रेणू एकत्र येणार कसे? शिवाय दोन अमिनो आम्लं जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. भोवती पाणीच पाणी असेल तर ही जोडणी रखडते.

याचं उत्तर ठाणे खाडीकाठच्या आगरी माणसाला सहज पटेल. मिठागरात भरतीचं पाणी घेऊन ते उन्हानं दाट करत नेतात, शेवटी मीठ धरतं. आदिम काठावरची डबकी तशीच आटली, तर रेणू दाटतात आणि जुळू लागतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्नाल यांनी या कल्पनेत चिकणमातीची भर घातली: तिच्या पृष्ठभागावर रेणू धरून ठेवले जातात. चंद्र तेव्हा जवळ होता, आणि दिवस लहान असल्यानं भरत्याही लवकर लवकर येत.

असं आटणं पृथ्वीबाहेरही घडलं आहे. २०२३ मध्ये बेन्नू लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम माती पृथ्वीवर आली. तिच्यात सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं निघाली आणि त्यांच्यासोबत खारं पाणी आटून उरलेले क्षारही.