बालविवाहाचा आकडा बीडच्या घराघरांतून येतो कसा?

बीड : बालविवाहांच्या संदर्भात बीड जिल्ह्याचे नाव निघाले की एक आकडा हमखास पुढे येतो. 20 ते 24 वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे 44 जणींचे लग्न वयाची 18 वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले होते. राज्याची सरासरी सुमारे 22 असताना बीडचे प्रमाण तिच्या दुप्पट भरते. मराठवाड्यात याहून वरचे स्थान परभणीचे (48) आहे. विधिमंडळातील चर्चा, जिल्हा प्रशासनाचे कृती आराखडे, स्वयंसेवी संस्थांचे प्रस्ताव या सर्वांत हा आकडा उद्धृत होतो. मात्र तो कोणी काढला, कोणत्या घरांतून काढला आणि त्यासाठी उत्तरे देणाऱ्या कुटुंबांना कोणते संरक्षण होते, याची माहिती फारशी कोणाला नसते.

हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (2019-21) आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी हे सर्वेक्षण मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. 1956 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. बालकांची सुरक्षितता आणि आरोग्य यांविषयीच्या विद्यापीठीय संशोधनात बीडच्या सामान्य कुटुंबांचा सर्वांत मोठा सहभाग असतो तो याच सर्वेक्षणाच्या निमित्ताने.

बावीस घरांचा समूह

या फेरीत देशभरातील 707 जिल्ह्यांतून 6 लाख 36 हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती घेण्यात आली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी 900 कुटुंबे. 2011 च्या जनगणनेनुसार बीडची लोकसंख्या 25 लाख 85 हजार आहे. ग्रामीण भागात जनगणनेच्या यादीतून गावे निवडली जातात, निवडलेल्या गावातील घरांची नव्याने नोंद होते आणि त्यांतून ठरावीक अंतराने 22 घरे घेतली जातात. निवड एकदा झाली की ती बदलता येत नाही. घराला कुलूप असेल तर पथकाने पुन्हा जायचे, पण शेजारचे घर त्याऐवजी घ्यायचे नाही. सोयीने मिळणाऱ्या घरांचीच माहिती गोळा झाली तर सर्वेक्षणाला अर्थ राहत नाही, हे या नियमामागचे कारण.

बीडमध्ये या नियमाची खरी कसोटी लागते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, गेवराई अशा तालुक्यांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील क्षेत्रकाम 2019 च्या जून ते डिसेंबर या काळात झाले. त्याचा शेवटचा टप्पा आणि गळीत हंगामाची सुरुवात एकमेकांवर आली. त्या काळात निवडलेल्या घराला कुलूप असले, तर ते कुटुंब माहितीतून गळते. आजी-आजोबा घरी असले तरी बाहेरगावी गेलेल्या सुनेची स्वतंत्र मुलाखत होत नाही, कारण आदल्या रात्री त्या घरात मुक्काम असलेल्या स्त्रियांचीच मुलाखत घेतली जाते. बालविवाहाचा धोका ज्या कुटुंबांत अधिक, तीच कुटुंबे मोजणीतून निसटण्याची शक्यताही अधिक, असा हा पेच आहे.

धोका अधिक का, याचे कारण तोडणीच्या अर्थकारणात आहे. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, आणि नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुलाचे लग्न झाले की घरात नवा कोयता तयार होतो. दुसरीकडे, वयात येणाऱ्या मुलीला सहा महिने गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न आई-बापांना छळतो. तिला फडावरच्या कोपीत नेणे त्याहून धास्तीचे. पहाटे अंधारात आई-बाप तोडणीला गेले की कोपीत लहान भावंडांना सांभाळणारी तीच असते. चूल, उघड्या विहिरी, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि परकी माणसे यांच्यामध्ये तिचा दिवस जातो. लग्न हा त्यावरचा 'सुरक्षित' उपाय समजला जातो. मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना राबविण्यात आली आणि 2021 मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली, ती याच अडचणीवर तोडगा म्हणून.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

900 कुटुंबांतून साधारण हजारभर स्त्रियांच्या मुलाखती होतात. त्यांत 20 ते 24 वयाच्या किती असतील? ढोबळ हिशेबाने दीडशे-पावणेदोनशे. जिल्ह्याचा गाजलेला आकडा एवढ्या उत्तरांवर उभा असतो. नमुना लहान असल्याने खरे प्रमाण आठ-दहा अंकांनी खाली किंवा वर असू शकते. चौथ्या फेरीत (2015-16) बीडचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. पाचव्या फेरीत ते उतरलेले दिसते. पण ही घट मोजमापाच्या मर्यादेत बसणारी आहे, त्यामुळे तिचे श्रेय घेण्याची घाई कोणी करू नये. एका कुटुंबाने उत्तर नाकारणे किंवा वय चुकीचे सांगणे या आकड्याला किती हलवू शकते, तेही यावरून लक्षात यावे.

दुसरी गोष्ट काळाची. 2019 मध्ये 20 ते 24 वर्षांच्या असलेल्या स्त्रिया 2013 ते 2017 या काळात 18 वर्षांच्या झाल्या. म्हणजे आकडा त्या काळातील आणि त्याआधीच्या विवाहांचा आहे. कोविड टाळेबंदीत शाळा बंद असताना झालेल्या बालविवाहांचा त्यात समावेशच नाही. तिसरी गोष्ट अधिक दुर्लक्षित आहे. मुलाखत होते ती सासरच्या घरी. बीडची लेक अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) किंवा जालना जिल्ह्यात दिली असेल तर तिची नोंद तिकडे होते, आणि तिकडून बीडमध्ये आलेली सून बीडच्या खात्यावर पडते. जिल्ह्यात किती बालविवाह लागतात याचे हे थेट मोजमाप नव्हे.

उत्तर देणाऱ्याला भीती कशाची?

बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा आहे. गावपातळीवर त्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी ग्रामपंचायतीच्याच अधिकाऱ्याकडे असते. 11 ऑक्टोबर 2017 च्या निकालानंतर 18 वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कार ठरतो. अशा स्थितीत टॅब घेऊन दारात आलेल्या अनोळखी स्त्रीने 'लग्नाच्या वेळी वय किती होते?' असे विचारल्यावर सासूने परस्पर 'एकोणीस' असे सांगून टाकले, तर त्यात नवल नाही. म्हणूनच स्त्रीची मुलाखत एकटीने व्हावी, असा दंडक आहे. घरगुती हिंसाचाराचे प्रश्न तर एका घरातील एकाच स्त्रीला विचारले जातात आणि पूर्ण एकांत मिळाला नाही तर ते वगळले जातात. दोन खणांच्या घरात, शेजारणी दारात जमलेल्या असताना हा एकांत मिळविणे हेच मुलाखतकार स्त्रीचे निम्मे कौशल्य असते.

गोळा झालेल्या माहितीतून नावे आणि पत्ते काढून टाकले जातात. अभ्यासकांना मिळणाऱ्या माहितीत गावाचे नकाशावरील स्थानही मुद्दाम सरकवलेले असते. ग्रामीण भागात सर्वसाधारणपणे पाच किलोमीटरपर्यंत. त्यामुळे एखादे उत्तर कोणत्या वस्तीतील कोणत्या घराचे, हे शोधता येत नाही. सहभाग ऐच्छिक असतो. मध्येच थांबण्याचा, एखाद्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा अधिकार कुटुंबाला असतो आणि त्यामुळे रेशन, घरकुल किंवा इतर कोणताही लाभ अडत नाही. 15 ते 17 वर्षांच्या अविवाहित मुलीशी बोलायचे तर आधी पालकांची संमती आणि नंतर तिची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात.

विद्यापीठांतील अन्य संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आधार मानली जातात. त्यांनुसार सात वर्षांवरील बालकाची तोंडी आणि बारा वर्षांवरील बालकाची लेखी अनुमती अपेक्षित आहे. पालकांची संमती त्याव्यतिरिक्त. नैतिकता समितीच्या मान्यतेशिवाय बालकांवरील अभ्यास सुरू करता येत नाही. बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते, मात्र तिचे आमिष होता कामा नये. उचलीच्या कर्जात असलेल्या कुटुंबाच्या बाबतीत ही रेघ फार बारीक आहे. मुकादमाच्या किंवा सरपंचाच्या मध्यस्थीने मिळालेल्या 'संमती'बद्दलही तेच म्हणता येईल.

गोपनीयतेला कायद्याने एक मर्यादा घातली आहे. 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झालेल्या 'पॉक्सो' कायद्याच्या कलम 19 नुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. संशोधक त्याला अपवाद नाही. त्याआधी, 2007 मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रासह 13 राज्यांतील 12 हजार 447 बालके सहभागी झाली होती. निम्म्याहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला आणि अत्याचार करणारे बरेचसे ओळखीचेच निघाले. आज असा अभ्यास करणाऱ्याला 'तुझे उत्तर कोणालाही सांगणार नाही' असे आश्वासन मुलाला सरसकट देता येत नाही. ही मर्यादा संमतीपत्रात आधीच स्पष्ट लिहिणे, हाच प्रामाणिक मार्ग. त्यामुळे काही मुले गप्प राहतात, आणि जी गप्प राहतात त्यांचा आकडा कोठेच येत नाही.

देणाऱ्याला काय मिळते?

कुटुंबांचा हा प्रश्न रास्त आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. तेथील नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आज बीडच्या वाडीवर आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करते, त्या कार्यक्रमाचे मूळ तेथे आहे. त्या 39 गावांतील मातांनी दिलेली माहिती परतून आली, पण त्याला दशकाहून अधिक काळ लागला. मुंबईच्या वस्त्यांत 'स्नेहा' आणि लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज यांनी महिला गटांच्या मदतीने केलेल्या अभ्यासात मात्र नवजात मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, आणि तसे 2012 मध्ये छापलेही गेले.

राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत कुटुंबाच्या हाती लगेच पडणाऱ्या गोष्टी थोड्या होत्या : रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण, रक्तदाब, मुलांचे वजन-उंची, आणि गंभीर ॲनिमिया आढळल्यास दवाखान्यात जाण्याची सूचना. अहवाल इंग्रजीत निघतो. जिल्ह्याची आकडेपत्रिका संकेतस्थळावर मिळते, पण ज्या गावांतून माहिती घेतली त्यांच्या ग्रामसभेपुढे ती मराठीत वाचून दाखविण्याची कोणतीही सक्ती नाही. अशी सक्ती करायला फारसा खर्चही येणार नाही; पाडव्यानंतर, टोळ्या गावी परतल्यावर होणारी ग्रामसभा त्यासाठी पुरेशी आहे.

ज्यांना सर्वेक्षणाव्यतिरिक्त तातडीची मदत हवी असेल, त्यांच्यासाठी 1098 ही बालकांची मदतवाहिनी चोवीस तास सुरू असते. ठरलेल्या बालविवाहाची माहितीही तेथे देता येते आणि माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते.